थंडीविषयी बोलणं सोपं होतं

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे तीन वाजले होते. मी ड्यूटीवरून नुकतीच घरी येऊन बुरखा खुंटीला अडकवत होते, तोच फोन वाजला. मुलांचे अब्बा एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन आहेत. त्यांच्या सोबत्याचा फोन होता. "भाभी, घबराओ नक्को. भाईजान को चक्कर आ गई, दवाखाने में ला रहे हैं."

मी नर्स आहे. नऊ वर्षं वॉर्डात काढली आहेत. उन्हाळ्यात जालन्यात असे रुग्ण येतात, त्यांना काय करायचं ते माझ्या हातांना पाठ आहे. पण स्ट्रेचरवर आपलंच माणूस असलं की हात वेगळेच होतात. त्यांचं अंग तापलेलं, कातडी कोरडी, बोलणं असंबद्ध. घाम येणं थांबलं की धोका वाढतो, हे मीच नव्या मुलींना शिकवते. ओल्या चादरी, पंखा, काखेत बर्फ, सलाईन. मगरिबच्या सुमारास त्यांनी मला नीट ओळखलं आणि पाणी मागितलं. अल्हम्दुलिल्लाह.

त्या रात्री घरी आल्यावर ते छताकडे बघत म्हणाले, "वो जर्मनीवाला काम तू देख ले."

'जर्मनीवाला काम' आमच्या घरात आधीपासून पडून होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. सुरुवातीला दहा हजार तरुण जाणार, त्यात नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर असे सगळे, अशी बातमी आली होती. मी ती बातमी वाचली आणि विसरले. पण माझ्याबरोबर नर्सिंग केलेली एक मैत्रीण त्याच्या आधीच दुसऱ्या मार्गाने तिकडे उल्म शहरात गेली होती. ती अधूनमधून म्हणायची, "तू पण ये गं, इथे नर्स मिळत नाहीत." मी हसून सोडून द्यायचे. त्या मे महिन्यानंतर हसणं थांबलं.

जालना सोन्याचा पालना, असं आपल्याकडे म्हणतात. मला या गावाविषयी तक्रार करायची नाही. कुंडलिकेच्या या काठाला, जुन्या जालन्यात, माझं लग्नानंतरचं सगळं आयुष्य गेलं. इथल्या बियाण्यांनी आणि सळयांनी हजारो घरं चालवली, त्यातलं एक माझं. पण ऊन आता पूर्वीचं राहिलं नाही, हे घरात बसणाऱ्यालाही कळतं. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो ते एक वेळ सोसतं, पण रात्रही थंड होत नाही. पत्र्याखाली राहणारा माणूस रात्रभर तापतो आणि सकाळी तसाच भट्टीसमोर जाऊन उभा राहतो. माझ्या वडिलांची बदनापूरकडे मोसंबीची बाग होती. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरने पाणी घालून घालून त्यांनी ती एक उन्हाळा जगवली, आणि मग हात टेकले. जिल्ह्यात त्या वर्षी कितीतरी बागा अशाच जळाल्या. वडिलांनी झाडं स्वतः तोडली नाहीत, माणसं लावली आणि त्या दिवशी ते घराबाहेर पडले नाहीत. त्यामुळे ऊन आणि पाणी हे आमच्यासाठी गप्पांचे विषय नाहीत.

गाव सोडून कामाला जाणं हेही आपल्याला नवीन नाही. आमच्या जिल्ह्यातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुस्लिम घरांतली मुलं आखाती देशांत गेली, तिथून त्यांनी बहिणींची लग्नं केली, स्लॅब टाकले. पण हे सगळे उन्हातून उन्हातच गेले. थंडीच्या मुलखात जायचं म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांचे चेहरे बदलतात.

मग सुरू झाली चर्चा. ती आठ महिने चालली, आणि आठही महिने थंडीवरच चालली.

मामूजान म्हणाले, "बर्फात लहान लेकरांची छाती भरते." अंबडच्या नणंदेने विचारलं, "तिथे कपडे वाळतात का?" शेजारच्या खाला म्हणाल्या, "इतनी ठंड में वुजू कैसा करेंगे?" कुणी लोकरीच्या स्वेटरबद्दल सांगितलं, कुणी औरंगाबादहून जाकिटं घ्यायला सांगितलं. मुलगा दहा वर्षांचा, त्याला बर्फाचा माणूस करायचा होता. धाकटी सहा वर्षांची, तिला एकच चिंता, तिची मांजर गारठेल का. मी एक वही केली. डाव्या पानावर 'जाण्याच्या बाजूने', उजव्या पानावर 'न जाण्याच्या'. रोज रात्री जर्मन भाषेचा ऑनलाइन क्लास संपला की एखादी ओळ लिहायची.

मैत्रिणीला मी फोनवर सगळे प्रश्न विचारले. तिची उत्तरं इथे देते, कारण आपल्यापैकी अनेक घरांत हा विषय उद्या निघेल.

ती म्हणाली, "थंडीचं काही नाही गं. घरात हीटर असतात. डिसेंबरमध्ये जालन्यात आपण पहाटे दहा अंशांत कुडकुडत उठतो ना, तसं इथे घरात होत नाही. बाहेर जाताना थरावर थर कपडे घालायचे. पण गरम घर फुकट मिळत नाही. इथे घरभाडं सांगताना 'थंड भाडं' आणि 'गरम भाडं' असे दोन आकडे सांगतात. थंड म्हणजे नुसत्या खोल्यांचं, गरम म्हणजे त्यात हीटिंग आणि पाणी वगैरे धरून. जाहिरातीतला लहान आकडा बघून हुरळून जाऊ नकोस. पगार मोठा दिसतो, पण कर आणि विमा कापून हातात येतो तो आकडा बघ."

मग थोडं थांबून ती म्हणाली, "मला विचारशील तर अंधाराचं विचार."

डिसेंबरमध्ये तिथे सकाळी आठनंतर उजाडतं आणि दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा. सकाळच्या ड्यूटीला अंधारात जायचं, हिवाळ्यात कित्येकदा सूर्य न बघताच दिवस संपायचा. पहिल्या वर्षी तिला वाटलं की आपल्याला काहीतरी आजार झाला आहे. रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व फारच कमी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण एक गोष्ट गोळीने बरी झाली नाही. ती म्हणाली, "जिन्यात शेजारी भेटतात, नमस्कार करतात, दार बंद करतात. चांगले लोक आहेत. पण दारावर थाप मारून वाटीभर साखर मागायला कुणी येत नाही."

नमाज-रोज्याचं मी स्वतः बसून समजून घेतलं. जालना विषुववृत्तापासून साधारण वीस अंश उत्तरेला, तर तो मुलूख साधारण एकोणपन्नास अंशांवर. म्हणून आपल्याकडे सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत सव्वादोन-अडीच तासांचाच फरक असतो, तिथे तो आठ तासांच्या जवळ जातो. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊला मगरिब होते, आणि ऐन जूनमध्ये मध्यरात्रीही आकाश पुरतं काळं होत नाही. इशा आणि फजरच्या वेळा तिथल्या मशिदी उलेमांच्या सल्ल्याने ठरवतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सध्या तो हिवाळ्याकडे चालला आहे. २०३० च्या आसपास तो डिसेंबर-जानेवारीत येईल, तेव्हा तिथला रोजा दहा तासांच्या आसपास, म्हणजे जालन्यापेक्षा लहान असेल. पण २०४७ च्या सुमारास रमजान पुन्हा भर उन्हाळ्यात येईल. तेव्हा तिथे अठरा तासांच्या घरातला रोजा, आणि तेव्हा मी साठीला टेकलेली असेन. हे मी वहीत दोन्ही पानांवर लिहिलं.

मशिदी आणि हलाल मांसाचा प्रश्न मला वाटला तितका अवघड निघाला नाही. १९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला, तेव्हापासून तिथे तुर्की लोक आहेत, त्यांची दुकानं आणि मशिदी आहेत. पण त्याच इतिहासातली एक गोष्ट मनात राहिली. त्या कामगारांना तिथे 'पाहुणे कामगार' म्हणत. दोन-चार वर्षं कमवून परत जायचं, असं सगळ्यांनीच धरलं होतं. त्यांची नातवंडं आज तिथे आजी-आजोबा झाली असतील. 'फक्त दोन वर्षं' हे शब्द मी वहीतून खोडून टाकले.

डोक्यावरच्या रुमालाचंही विचारून घ्यावं लागतं. तिथली बरीच रुग्णालयं चर्चच्या संस्था चालवतात. अशा संस्थेला कामाच्या वेळी रुमाल न बांधण्याचा आग्रह धरता येतो, असा निकाल तिथल्या केंद्रीय कामगार न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. सरकारी किंवा इतर रुग्णालयांत माझी मैत्रीण म्हणते तसं, बहुतेक अडचण येत नाही. मी माझ्या मुलाखतीत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला. संकोच वाटला, पण विमानातून उतरल्यावर कळण्यापेक्षा ते बरं.

वुजूच्या पाण्याचं उत्तर शेजारच्या खालांना मी दिलं. आपल्या दीनने हवामान कधी क्षुल्लक मानलेलं नाही. कडक उन्हात जुहरची नमाज थोडी थंडाव्याला पढण्याची मुभा आहे. थंडीच्या, पावसाच्या रात्री घरीच नमाज पढा, असं पुकारल्याच्या हदीस आहेत. चामड्याच्या मोज्यांवर मसह करण्याची सवलत घरी असलेल्याला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्र आहे. कुरआनातल्या कुरैश या छोट्याशा सूरहमध्ये हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या प्रवासाचा उल्लेख आहे, ती तर आपल्या लेकरांनाही पाठ असते.

आणि एक प्रसंग मला त्या काळात वारंवार आठवायचा. हिजरत करून मदिनेला गेल्यावर मक्केच्या माणसांना तिथली हवा मानवली नाही. हजरत अबू बकर (रजि.) आणि हजरत बिलाल (रजि.) तापाने अंथरुणाला खिळले. ताप उतरला की हजरत बिलाल (रजि.) मक्केचं खोरं, तिथलं गवत, तिथलं पाणी आठवून व्याकूळ व्हायचे. ज्या मक्केत त्यांना तापल्या वाळूवर झोपवून छळलं, त्याच मक्केसाठी! हजरत आयेशा (रजि.) यांनी हे प्रेषित मुहम्मद (स.) यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी कुणाला रागे भरलं नाही, की आठवण काढू नका असं म्हटलं नाही. मदिना आम्हाला मक्केइतकीच किंवा त्याहून अधिक प्रिय कर, तिची हवा निरोगी कर, अशी दुआ त्यांनी केली. नवीन गावावर प्रेम आपोआप बसत नाही, ते मागावं लागतं, आणि जुन्या गावासाठी रडणं हा ईमानचा कमकुवतपणा नाही, इतकं मी त्यातून घेतलं.

अशी वही भरत गेली. डिसेंबरमध्ये मी भाषेची बी-१ परीक्षा पास झाले. बी-२ बाकी होती. घरात सगळे खूश. मिठाई आली. अम्मींनीही, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माझ्या तोंडात पेढा घातला.

त्या रात्री मी वही काढली आणि सहज पहिल्या पानापासून वाचली. बर्फ, भाडं, अंधार, रोजा, रुमाल, शाळा, भाषा, पैसा. अडतीस ओळी होत्या. एकाही ओळीत अम्मी नव्हत्या.

वही मिटून मी बराच वेळ बसून राहिले. अम्मींचं वय त्रेसष्ट. गुडघे दुखतात, शुगर आहे. माझी मुलं माझ्यापेक्षा त्यांच्या अंगाखांद्यावर जास्त वाढली, म्हणून मी नऊ वर्षं नाईट ड्यूटी करू शकले. आठ महिने आम्ही सगळे त्यांच्यासमोर बसून स्वेटरविषयी बोललो होतो. का, ते मला तेव्हा कळलं. थंडीविषयी बोलणं सोपं होतं. थंडीवर उपाय असतो. अम्मींचं काय करायचं, याला उपाय नव्हता, म्हणून तो प्रश्न कुणी काढलाच नव्हता. मुलांच्या अब्बांनी नाही, नणंदेने नाही, मीही नाही.

सकाळी त्या फजरनंतर तस्बीह घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. काय बोलावं सुचेना. त्याच म्हणाल्या, "इतने दिन से सब बोल रहे. मेरेकू कोई पूछेगा की नई?"

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती मी लग्नानंतरच्या बारा वर्षांत ऐकली नव्हती.

१९७२ चा दुष्काळ. अम्मी तेव्हा दहा वर्षांच्या. मंठ्याजवळच्या एका गावात त्यांचं घर. विहीर आटली, बैल विकले, आणि आई-वडील चार लेकरांना घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला निघाले. तिथे सुकडी मिळायची, लाल मिलोची भाकरी मिळायची. तिथून पुढे ते जालन्याला आले आणि इथलेच झाले. निघताना अम्मींची दादी गावातच राहिली. "सगळे म्हणाले, बुढी को चलवत नई, उसको उधरीच रहने देव," अम्मी म्हणाल्या. "दादी दारात उभी होती. तिला कुणी विचारलं नाही की तुला यायचंय का राहायचंय. कदाचित ती राहिलीच असती. पण विचारलं असतं तर वेगळी राहिली असती."

दादी पुढे दोन वर्षं जगली. शेजाऱ्यांनी सांभाळलं. अम्मींना आजही तिचा चेहरा नीट आठवत नाही, दारातली चौकट आठवते.

मी त्यांचा हात धरून विचारलं, "अम्मी, तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. दोन दिवस घेतले. इस्तिखारा केला म्हणाल्या. मग जुम्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर मुलाला, मला आणि अंबडहून बोलावून घेतलेल्या नणंदेला समोर बसवलं. जे बोलल्या ते असं.

त्यांना सध्या जायचं नाही. इथे त्यांच्या मैत्रिणी आहेत, मिया-बीवी दोघांनी मिळून बांधलेलं घर आहे, आणि त्यांच्या शोहरची कबर आहे, तिथे मुलगा शब-ए-बरातला जातो. पण त्यांच्यासाठी कुणी थांबावं हेही त्यांना नको. "मेरे वास्ते रुके तो जिंदगीभर मेरे माथे पे रहेगा." मी आधी एकटी जावं. मुलं आणि त्यांचे अब्बा पहिला हिवाळा इथेच राहतील. मला तिथे नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला तसाही वेळ लागतो, तोपर्यंत मदतनीस म्हणूनच काम करावं लागतं. त्या काळात लेकरं ओढत नेऊ नयेत. मुलाने या उन्हाळ्याआधी भट्टीजवळचं काम सोडावं, पगार कमी झाला तरी चालेल. घर विकायचं नाही. आणि सगळे तिकडे स्थिरावले की एका उन्हाळ्यात त्या येऊन बघतील, मग ठरवतील. तोपर्यंत नणंद महिन्यातून आठ दिवस येऊन राहील. नणंद हे ऐकून रडली. म्हणाली, "अम्मी, मी कधीची वाट बघत होते कुणीतरी मला सांगेल म्हणून."

हा तोडगा परिपूर्ण नाही. एक हिवाळा लेकरांपासून लांब राहायचं या विचाराने माझ्या पोटात आजही कालवतं. धाकटी मला विसरणार नाही, पण माझ्याशिवाय झोपायला शिकेल, आणि तेच मला सोसत नाही. मुलांच्या अब्बांनी मिलमधली नोकरी सोडून मोटार वाइंडिंगचं काम सुरू केलं आहे, दुकान अजून जेमतेम चालतं. बी-२ ची परीक्षा मी एकदा नापास झाले आहे, पुन्हा बसणार आहे. कदाचित जाणं होणारही नाही. पण जाणं झालं किंवा नाही झालं, तरी आता घरात कुणाच्या मनात न विचारलेला प्रश्न उरलेला नाही.

मासिकातल्या माझ्या बहिणींना एवढंच सांगावंसं वाटतं. मुलाने किंवा सुनेने थंड मुलखात जायचं काढलं, तर तिथे किती थंडी आहे हे जरूर विचारा. एजंटला पैसे देण्याआधी कागद चारदा वाचा. पगाराचा आकडा कापून धरा, अंधाराचा हिशेब करा. पण पहिली मशवऱ्याची बैठक घरातल्या त्या माणसाला मधे बसवून घ्या, जे बहुतेक मागे राहणार आहे. त्याचं उत्तर तुम्हाला आवडेलच असं नाही. तरीही आधी विचारा.

परवा अम्मींनी मुलाला बाजारात पाठवून भिंतीवरचं एक स्वस्त घड्याळ आणवलं. ते जुन्या घड्याळाच्या शेजारी लावून साडेचार तास मागे केलं. मी म्हटलं, "अम्मी, अजून माझं कशात काही नाही. आणि तिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेतीन तासांचाच उरतो."

त्या म्हणाल्या, "तो फिर साल में दो बार स्टूल लगा के घुमाऊंगी. तू पास तो हो."